तिमथी मास्तरांच्या चाळीस बैठका

बाप्तिस्म्याच्या वहीत त्यांचं नाव तिमथी उखर्डू इंगळे असं आहे. बुऱ्हाणपुरात ते कुणाच्याच जिभेवर नीट बसलं नाही. मंडळीतली माणसं 'तिमथी मास्तर' म्हणत, भाजीबाजारात ते 'तिमाजी मास्तर' झाले आणि केळीच्या वखारीवरच्या हमालांनी त्यांना थेट 'तिमाजीबुवा' करून टाकलं. मास्तर तिन्ही हाकांना ओ देत. हाक मारणाऱ्याला आपल्याशी काम असतं, आपल्या नावाशी नसतं, असं त्यांचं म्हणणं.

मिशनच्या प्राथमिक शाळेत ते तिसरी शिकवीत आणि रविवारी मंडळीचे वडील म्हणून पुढे उभे राहत. वडील म्हणजे मंडळीने निवडलेला जाणता माणूस, पाळकसाहेबांच्या हाताखालचा. आमच्या पाळकसाहेबांना दमा होता, त्यामुळे उपदेश तेवढा पाळकसाहेब करीत आणि घंटा वाजवण्यापासून सतरंज्या झटकण्यापर्यंत बाकीचा सगळा प्रभूचा कारभार मास्तरांकडे असे.

या मंडळीची एक रीत होती. निम्म्याहून अधिक माणसं शेतावरची, पुस्तक वाचता न येणारी. उपासनेत कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, हे त्यांना कसं कळणार? म्हणून मिशनच्या जुन्या गोऱ्या साहेबाने सांगून ठेवलं होतं, वडील करतील तसं करा. मास्तर उभे की सगळे उभे, मास्तर गुडघ्यावर की सगळे गुडघ्यावर. अडचण एवढीच की प्रार्थना डोळे मिटून करायची असते, आणि मास्तरांकडे पाहायचं तर डोळे उघडे हवेत. मंडळीने मधला मार्ग काढला. एक डोळा देवासाठी मिटलेला आणि एक मास्तरांसाठी उघडा. बाहेरगावचा पाहुणा आला तर त्याला वाटे, या गावात डोळ्यांची साथ आहे.

मास्तर स्वतः मात्र दोन्ही डोळे मिटून प्रार्थना करीत, आणि भरपूर करीत. रोज सकाळी शाळेआधी तासभर ते गुडघ्यावर असत. त्या तासात कुणी सुटत नसे. दिल्लीच्या सरकारपासून सुरुवात होऊन आजारी, प्रवासी, विधवा, तिसरीतले ढ विद्यार्थी असं करत करत गाडी त्यांच्या मेथीच्या वाफ्यात तोंड घालणाऱ्या शेजारच्या शेळीपर्यंत येई. शेळीसाठी ते सद्‌बुद्धी मागत. शेळीला ती मिळाली नाही, पण मास्तरांनी मागणं सोडलं नाही.

शुक्रवारी उपास. अगदी कडक, पाण्याशिवाय काही नाही. फक्त तो संध्याकाळी सुटे. आणि तो कुठे सुटे, तर शाळेतून घरी येण्याच्या वाटेवर जिथे मावा जिलेबीची कढई असे तिथे. ही आमची जिलेबी पाहायला काळी आणि खायला जड, दोन खाल्ल्या की माणूस भिंत शोधतो. मास्तर पाव शेर खात. त्यांची बायको मनकर्णाबाई म्हणायची, "यांचा उपास म्हणजे शुक्रवारचं राहिलेलं आणि शनिवारचं आगाऊ."

अशा रीतीने मास्तरांचा आत्मा दिवसेंदिवस हलका होत गेला आणि देह दिवसेंदिवस भारी. सेहेचाळिसाव्या वर्षी स्थिती अशी होती की गुडघ्यावर बसायला त्यांना कुणाची मदत लागत नसे, पण उठायला खाटेचा पाय, भिंतीची खुंटी आणि 'हे प्रभू' असा तिघांचा आधार लागे. त्यांना याचं काही वाटत नव्हतं. देहाच्या मेहनतीचा लाभ थोडा, भक्तीचा लाभ सगळ्या बाबतीत, असं शास्त्रातच आहे, असं ते सांगत, आणि सांगताना पोटावरून हात फिरवत.

हे असंच चाललं असतं. पण गोरा साहेब गेला.

स्वातंत्र्य आल्यावर वर्षभराने साहेब आपल्या देशी परतला आणि त्याचा घोडा चांदनीच्या एका ठेकेदाराने नेला. तिकडे रानात कागदाचा कारखाना उभा राहत होता आणि ठेकेदाराला बांबूच्या मोळ्यांवर घोड्यावरून नजर ठेवायची होती. साहेब गेला याचं मंडळीला दुःख झालं. घोडा गेल्याचं दुःख कुणाला झालं, तर धूलकोटच्या वरच्या टेकडीवरच्या सात घरांना.

ही सात घरं पंधराएक वर्षांपूर्वी जंगलखात्याच्या कामाला वर गेली आणि वरच राहिली. धूलकोटपर्यंत बाजाराच्या दिवशी लॉरी जाई. पुढे दोन कोस उभी चढण, नुसता दगड. बैलगाडी जाणं शक्य नाही. साहेब महिन्यातून एकदा घोड्यावरून वर जाई आणि त्यांना प्रभुभोजन देई. भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट, एवढंच ते असतं, पण त्यासाठी सोजरबाई नावाची म्हातारी आदल्या दिवशी लुगडं धुऊन वाळत घाली. तिला खाली उतरता येत नव्हतं. कमरेत ती अशी वाकली होती की टेकडी उतरायची म्हणजे डोकं आधी पोचायचं.

वर्षभर कुणी गेलं नाही. पाळकसाहेबांना चर्चच्या तीन पायऱ्यांवरच धाप लागे. तेव्हा मास्तर म्हणाले, मी जातो. सोजरबाईला तिची धर्माची पहिली अक्षरं त्यांनीच शिकवली होती, ती खाली होती तेव्हा. पाळकसाहेबांनी त्या एका वारीपुरती तोंडी परवानगी दिली.

एकोणपन्नास सालच्या दिवाळीनंतर एका बाजाराच्या दिवशी मास्तर सरकीच्या लॉरीत बसून धूलकोटला उतरले. पिशवीत पाव, मनुका उकळून केलेल्या रसाची बाटली, पेला, पुस्तक. डोक्यावर पांढरी टोपी. वाटेला लागताना त्यांनी चांगला पाऊण तास प्रार्थना केली. त्यामुळे ऊन चढलं.

चढणीचा तिसरा हिस्सा संपतो तिथे सालईच्या झाडाखाली एक सपाट दगड आहे. मास्तर त्यावर जरा टेकले. छातीचा भाता झाला होता, मांड्या लटलट कापत होत्या. उठायला गेले तर तिथे खाटेचा पाय नव्हता, खुंटीही नव्हती. 'हे प्रभू' तेवढं होतं, पण ते एकटं पुरेना. तास गेला, दुसरा गेला. शेवटी ते कसेबसे उठले, आणि उठले ते खालच्या दिशेने.

पुढच्या बाजाराला त्यांनी सोजरबाईच्या मुलाला मुद्दाम गाठलं, काहीतरी कारण सांगावं म्हणून. पण तोच आधी बोलला. वरून त्यांची टोपी सगळ्यांना दिसली होती. "आई म्हणे, मास्तर दगडावर बसून प्रार्थना करू राहिले, होईल तेव्हा येतील. आम्ही दिवस बुडेपर्यंत तसेच बसलो होतो मास्तर. मग म्हटलं, मोठी प्रार्थना असेल."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मास्तरांनी टोमण्याला उत्तर दिलं असतं. घरी येऊन ते जेवले नाहीत, आणि तो दिवस शुक्रवार नव्हता, तेव्हा मनकर्णाबाई घाबरली.

त्यातच नागपूरहून सुपरिंटेंडेंट साहेबांचं पत्र आलं. हे रेव्हरंड प्रभाकर रणपिसे, गोऱ्या साहेबाच्या जागी आलेले आपल्यातलेच एक. ज्या लहान मंडळ्यांकडे जायला कुणी नाही त्या जवळच्या मोठ्या मंडळीत विलीन कराव्यात, असं त्यांनी लिहिलं होतं. त्या वर्षांत विलीन हा शब्द फार जोरात होता. मोठमोठी संस्थानं विलीन झाली, हत्ती-घोड्यांसकट झाली. मग सात घरांची काय कथा! फरक इतकाच की राजेलोकांना गाडीने दिल्लीला जाता येत होतं, आणि सोजरबाईला धूलकोटपर्यंतही उतरता येत नव्हतं. फेब्रुवारीत साहेब स्वतः येणार होते. टेकडीवर नेमाने जाईल असा कुणी माणूस असला तर त्याला प्रभुभोजन देण्याचा अधिकार लेखी देऊ, नसला तर वहीतून ते नाव काढू, असा मजकूर होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर तापीच्या राजघाटावर गेले.

घाटाच्या वरच्या अंगाला कौतिक पहिलवानाचा आखाडा होता. कौतिक तरुणपणी खानदेशात नावाजलेला, आता केळीचं बागाईत सांभाळून पोरांना माती खाऊ घालायचा. मास्तरांचा आणि त्याचा जुना स्नेह. त्याने मास्तरांना समोर उभं केलं, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, जसा बाजारात म्हैस घेताना पाहायचा.

"मास्तर, एवढा माल साठवला कशाले?"

मास्तरांनी टेकडीची हकीकत सांगितली. मग प्रामाणिकपणे शास्त्रातलं ते वचनही सांगितलं, की देहाच्या मेहनतीचा लाभ थोडा आहे. कौतिक विचारात पडला.

"थोडा, पण आहे असं म्हणतं ना?"

"हो. थोडा."

"मग तो थोडा कोण घेणार? आम्ही केळीत थोडा लाभ झाला तर सोडतो काय?"

मास्तरांना गेली वीस वर्षं हे वचन पाठ होतं, पण केळीवाल्याच्या बाजूने त्यांनी ते कधी वाचलं नव्हतं.

अडचण मारुतीची होती. आखाड्यात शिरताना मारुतीपुढे वाकल्याशिवाय कुणी मातीत पाय ठेवत नसे, आणि मास्तर मंडळीचे वडील. कौतिकने तीही सोडवली. तो म्हणाला, आमच्या देवाले तुम्ही नमस्कार करू नका, पण त्याच्याकडे पाठही करू नका, बाजूले उभे राहा आणि तोंड तापीकडे करा, तापीचं कुणाशीच वाकडं नाही. मास्तर तसे उभे राहिले. पहिल्या दिवशी सात बैठका झाल्या. आठवीला ते खाली गेले आणि खालीच राहिले. दोन पहिलवानांनी त्यांना काखेत हात घालून उभं केलं. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी सबंध तिसरी खुर्चीत बसून शिकवली आणि फळ्यावर काही लिहायची वेळ आली की म्हणत, "तोंडी करा, तोंडी करा, त्याने बुद्धी वाढते."

मनकर्णाबाईने घरी हळद-मीठ गरम करून गुडघ्यांना लावलं आणि म्हणाली, "अर्धे गुडघे देवापुढे झिजवले, उरलेले मारुतीपुढे झिजवा. मला काय, मी काठी आणून ठेवते."

मंडळीतही कुजबुज झाली. एका गृहस्थाने विचारलं, की वडिलांनी लंगोटवाल्यांत जाणं शोभतं का. मास्तर म्हणाले, मी धोतर नेसून जातो. हे खरं होतं. सबंध आखाड्यात धोतर, सदरा आणि टोपी घालून बैठका मारणारा माणूस तो एकच.

जिलेबीचं प्रकरण अधिक कठीण निघालं. मास्तर या मोहातून सुटण्यासाठी आठवडाभर प्रार्थना करीत होते, की प्रभो, कढईजवळून जाताना मला बळ दे. शुक्रवार आला की बळ तुळशीच्या रोपासारखं लहान आणि कढई हौदासारखी मोठी दिसे. कौतिकने ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुसरा रस्ता नाही काय घरी जायाले?"

होता. मशिदीमागून जाणारा, जरा लांबचा. मास्तरांनी त्या दिवसापासून तो धरला. इतक्या साध्या उत्तरासाठी आपण परमेश्वराला इतका त्रास दिला, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

राहता राहिली मोजणी. बाकीचे पहिलवान बजरंगाचं नाव घेऊन मोजत, ते मास्तरांना चालेना. आकडे म्हणावे, तर पंधरा-सोळाला त्यांचं मन कुणाच्या तरी आजारपणाकडे वळे आणि गिनती चुके. सवयच ती. तेव्हा त्यांनी तोड काढली. प्रभूने शिकवलेली जी प्रार्थना सगळी मंडळी दर रविवारी म्हणते, तिच्या त्यांनी दहा ओळी केल्या आणि एका ओळीला एक बैठक धरली. स्वर्गातल्या बापाला हाक मारली की खाली, वर. रोजची भाकर मागितली की खाली, वर. आमेन झालं की दहा. पुन्हा पहिल्यापासून. चार वेळा प्रार्थना म्हणजे चाळीस बैठका. भक्ती आणि कसरत एकाच गाडीला जुंपल्याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तो कौतिकला सांगितला. कौतिक म्हणाला, जोडी चांगली आहे, पण दोन बैल एकमेकाले कधी ओढून नेतील सांगता येत नाही.

तीन महिन्यांत मास्तरांची चाळीस बैठकांची गणती पक्की झाली. पोट गेलं नाही, पण मागे सरकलं. खाटेच्या पायाला सुट्टी मिळाली.

पन्नास सालचा फेब्रुवारी उजाडला. देशाला नवी घटना मिळून पुरता महिना झाला नव्हता. आमच्या प्रांताचं नावसुद्धा बदललं होतं. माणसं रात्री मध्यप्रांतात झोपली आणि सकाळी मध्यप्रदेशात उठली. रोज कसला ना कसला नवा नियम कानावर येई. लोक नियमांना इतके सरावले होते की उद्या डाव्या हाताने जेवा असा हुकूम निघाला असता तर बुऱ्हाणपुराने मुकाट्याने हात बदलला असता.

सुपरिंटेंडेंट रणपिसे शनिवारी आले. उंच, काटकुळे, खादीचा लांब कोट, खिशात दैनंदिनी. त्यांचा एक ध्यास होता. उपासना आपल्या मातीतली हवी, साहेबी नको. जिथे जात तिथे विचारत, तुमची काही देशी पद्धत आहे का? कुठे टाळ सापडत, कुठे ओव्या. जे सापडे ते दैनंदिनीत लिहून घेत.

रविवारी चर्च भरलं. प्रभूची प्रार्थना एरवी पाळकसाहेब सांगत आणि मास्तर तेव्हा बाजूला टेबलाची कड धरून उभे असत. पण त्या दिवशी पाहुण्यांसमोर मास्तरांचा मान व्हावा, त्यांना अधिकारपत्र मिळावं, म्हणून पाळकसाहेबांनी मुद्दाम ती त्यांना सांगायला लावली. मास्तर पुढे आले. टेबल मागे राहिलं. सगळी मंडळी उभी राहिली. मास्तरांनी दोन्ही डोळे मिटले, मंडळीने एकेक.

मास्तरांनी स्वर्गातल्या बापाला हाक मारली, आणि ते खाली बसले. आणि उठले.

त्यांना स्वतःला याची बिलकुल खबर नव्हती. तीन महिने ज्या ओळीला पाय वाकले ते त्या ओळीला वाकले. मन परमेश्वराकडे होतं, सुपरिंटेंडेंट साहेबांकडेही थोडं होतं, पायांकडे कुणीच नव्हतं.

मंडळीने उघड्या डोळ्याने पाहिलं. क्षणभर सगळे थबकले. मग पुढच्या रांगेतल्या एका शेतकऱ्याच्या लक्षात आलं, की देशात सगळंच नवं आलंय, प्रार्थनेचाही नवा कायदा आला असणार, आणि तो सांगायलाच हे साहेब नागपूरहून आले असणार. तो खाली बसला, उठला. त्याच्यामागे रांग बसली, उठली. दुसऱ्या ओळीला सबंध पुरुषांची बाजू खाली गेली. तिसऱ्या ओळीला बायकांची. बांगड्या वाजल्या, म्हाताऱ्या एकमेकींच्या खांद्याला धरून उतरल्या आणि चढल्या. रोजची भाकर मागेपर्यंत शंभरेक माणसं एका तालात खालीवर होत होती. असा ताल त्या चर्चमध्ये गाण्यालाही कधी लागला नव्हता.

रणपिसे साहेब मंडळीकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग आनंद. अखेर ज्याच्या शोधात ते प्रांत पालथा घालत होते ते सापडलं होतं. पाहुण्याने वेगळं दिसू नये म्हणून त्यांनी कोट सावरला आणि तेही बैठका मारू लागले. त्यांचे गुडघे मोडत असल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

आमेन झालं. पण आखाड्यात आमेननंतर थांबायची सवय नव्हती. मास्तरांनी प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मंडळी घामाघूम झाली, तरी मागे हटली नाही. तिसऱ्या बैठकीला बायकांच्या बाजूने मनकर्णाबाईचा आवाज आला, "अहो."

मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा ते खाली होते. आणि समोर सगळी मंडळी खाली होती.

उपासना संपली. साहेबांनी मास्तरांना पाळकांच्या खोलीत बोलावलं. दैनंदिनी उघडी होती आणि तिच्यात दोन ओळी लिहूनही झाल्या होत्या. साहेब अजून धापा टाकत होते, पण डोळे चमकत होते. "मास्तर, ही पद्धत फार सुंदर. देहाने आणि मनाने एकत्र प्रार्थना. सगळ्या प्रांतात मी हिचा दाखला देईन. कुणी सुरू केली?"

पाळकसाहेबांनी मागून मास्तरांना डोळ्याने खुणावलं, की गप्प राहा. खूण अगदी स्पष्ट होती. नुसतं 'आमच्याकडे असंच करतात' म्हटलं असतं तरी भागलं असतं. अधिकारपत्र टेबलावर होतं, नावाची जागा तेवढी कोरी होती. सोजरबाईचं प्रभुभोजन चार अक्षरांवर आलं होतं.

मास्तरांनी टोपी काढली. "साहेब, ही पद्धत नाही. ही माझी चूक आहे."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. आखाडा, तापीकडे तोंड, दहा ओळी. एवढ्यावर थांबायचं, तर तेही नाही. सालईखालचा दगडही सांगितला, जो कुणी विचारला नव्हता. खरं बोलायला लागलं की मास्तरांना थांबता येत नसे, जिलेबीसारखंच.

साहेबांनी दैनंदिनीतल्या दोन ओळी खोडल्या. खोडताना त्यांना दुःख होत होतं हे दिसत होतं. अधिकारपत्र त्यांनी घडी करून खिशात ठेवलं.

"टेकडीवर परवा मी येतो तुमच्याबरोबर," ते म्हणाले. "वर पोचलात तर पत्र वर देईन. दगडावर बसलात, तर ती सात घरं बुऱ्हाणपुरात विलीन."

सोमवारीच एका माणसाकरवी वर निरोप गेला आणि मंगळवारी दोघं धूलकोटला लॉरीतून उतरले. या वेळी मास्तरांनी प्रार्थना पाच मिनिटांत आटोपली. चढण सुरू झाली. साहेब अंगाने हलके, ते भराभरा पुढे गेले आणि वळणावर थांबून मास्तरांची वाट पाहू लागले. दुसऱ्या वळणावर पुन्हा थांबले. तिसऱ्या वळणावर मास्तरांनी त्यांना गाठलं, कारण तिथून साहेब निघालेच नव्हते. रविवारच्या बैठकांनी त्यांच्या मांड्या लाकूड झाल्या होत्या. तेरांपैकी त्यांनी आठ मारल्या होत्या आणि आयुष्यात त्याआधी एकही नाही.

सालईचा दगड आला. साहेब त्यावर बसले. मास्तर बसले नाहीत. बसावंसं फार वाटत होतं, छाती पुन्हा भात्यासारखी चालली होती, पण आपल्याला दगडाची ओळख आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते झाडाला धरून उभे राहिले.

"मास्तर, आज राहू द्या," साहेब म्हणाले. "तुम्ही इथवर आलात, मी मानलं. परत जाऊ."

"साहेब, वर लुगडं धुऊन ठेवलं असेल."

साहेबांना काही समजलं नाही. मास्तरांनी त्यांची पिशवी आपल्या खांद्याला लावली आणि हात पुढे केला.

पुढचा चढ दोघांनी कसा चढला ते सांगण्यासारखं नाही, कारण त्यात काही घडलंच नाही. दहा पावलं, थांबा. दहा पावलं, थांबा. कौतिकने दिलेले पाय होते म्हणून पावलं पडत होती, एवढं खरं. पण साहेबांनी पुढे अनेकांना सांगितलं, की नुसत्या पायांनी तो माणूस चढला नसता. कंटाळा कशाला म्हणतात ते त्याला माहीतच नव्हतं. ज्याने वर्षानुवर्षं रोज तासभर गुडघ्यावर राहून एका शेळीसाठी सद्‌बुद्धी मागितली, त्याला दहा पावलं आणि थांबा याचा काय कंटाळा येणार?

दुपार कलताना टेकडीवरची कुत्री भुंकली. सात घरांतली सगळी माणसं पुढे आली. सोजरबाई ओट्यावर होती, धुतलेल्या लुगड्यात, कमरेत वाकलेली, त्यामुळे तिने आधी मास्तरांचे पाय पाहिले, आणि पायांवरूनच ओळखलं.

"आलास बापा," ती म्हणाली. "मागच्या टायमाले तुझी लय मोठी प्रार्थना झाली."

"प्रार्थना नव्हती माय. दम संपला होता. मी दगडावरून परत गेलो."

म्हातारीने मान तिरपी करून त्यांच्याकडे पाहिलं. "मंग हाक नाही मारायची? पोरांनी खाटेवर घालून आणला असता तुले."

मास्तरांना हे कधी सुचलंच नव्हतं. साहेबांनी खिशातून पत्र काढलं, तिथेच एका गुडघ्यावर ठेवून नाव घातलं आणि त्यांच्या हातात दिलं. मग मास्तरांनी पाव मोडला, मनुकांचा रस पेल्यात ओतला, आणि सगळ्यांत आधी सोजरबाईला दिला. तिने डोळे मिटले. दोन्ही.

नंतर कळलं, की टेकडीचा एक कायदा आहे आणि तो कुठल्याही घटनेहून जुना आहे. पाहुण्याने प्रत्येक घरी जेवायचं. एक घर सोडलं तर त्या घराचं वर्ष वाईट जातं. साहेबांनी दुसऱ्या घरी पोट बिघडल्याचं सांगून अंग काढलं आणि ते ओट्यावर गरम पाण्यात पाय सोडून बसले. मास्तर सातही घरी जेवले. ज्वारीची भाकरी, उडदाचं वरण, लसणाची चटणी, सात वेळा, आणि प्रत्येक घरी आग्रह. सातव्या घरी त्यांनी कौतिकचं नाव मनात घेतलं, क्षमा मागितली आणि आणखी एक भाकरी घेतली. तिथे जे बळ लागलं ते आखाड्यात मिळत नाही. त्याची तयारी शुक्रवारच्या संध्याकाळी कढईपाशी आधीच झाली होती.

निघायची वेळ झाली. सोजरबाईने विचारलं, "पुढच्या महिन्यात कोण येईल?"

साहेबांनी पाण्यातून पाय न काढता मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. गुडघ्यांवर सात घरांचं वजन होतं. त्यांना न विचारताच मास्तरांनी तारीख सांगून टाकली.

सोजरबाईने ती दोनदा म्हणून घेतली. मग आत सुनेला आवाज दिला, की त्या दिवशी पाय शेकायला पाणी जास्त भरून ठेव, मास्तर येणार आहेत.